नागपुरात मृत्युपत्र करायचंय? आधी कागदांची पेटी उघडा

मृत्युपत्र म्हटलं की लोक थेट वकिलाकडे जातात आणि मजकूर लिहून घेतात. भांडण मात्र बहुतेक वेळा दोन ठिकाणी होतं. जी मालमत्ता दिली तिचे कागद देणाऱ्याच्या नावावर धड नसतात, नाहीतर सही करताना हजर असलेला साक्षीदार वेळेला सापडत नाही. मधला मजकूर साधा, दोन पानांचा असला तरी चालतो. म्हणून या लेखात कागदांना आणि साक्षीदारांना जास्त जागा दिली आहे.

१. एका वहीत यादी करा

चार रकाने आखा: वस्तू काय, कोणाच्या नावे, कागद कुठे ठेवलाय, नॉमिनी कोण. घर, प्लॉट, शेती, मुदत ठेवी, पतसंस्थेतले पैसे, पोस्टातल्या योजना, विमा, पीएफ, ग्रॅच्युइटी, शेअर, म्युच्युअल फंड, लॉकर, सोनं, गाडी, दुसऱ्याला दिलेले हातउसने, आणि तुमच्यावरचं कर्ज. कर्ज विसरू नका. वाटणी कर्ज फेडून उरलेल्याचीच होते.

प्रत्येक कागदावर तुमचं नाव कसं छापलंय ते अक्षर न् अक्षर बघा. विक्रीपत्रावर घरगुती नाव, आधारवर पूर्ण नाव आणि बँकेत फक्त आडनाव व आद्याक्षरं, हे अनेक घरांत असतं. मृत्युपत्रात सुरुवातीलाच ही सगळी नावं "उर्फ" लावून लिहा आणि ती एकाच व्यक्तीची आहेत असं एक वाक्य घाला. या एका ओळीमुळे वारसांचे पुढचे बरेच हेलपाटे वाचतात.

२. तुमची जागा कोणत्या प्रकारची आहे ते ओळखा

नागपुरात "माझा प्लॉट" या दोन शब्दांमागे चार-पाच वेगवेगळे हक्क असू शकतात, आणि प्रत्येकाचा कागद वेगळा.

*सुधार प्रन्यासचा प्लॉट.* नागपूर सुधार प्रन्यास १९३६ च्या कायद्याखालची संस्था आहे आणि तिचे पुष्कळ भूखंड भाडेपट्ट्यावर दिलेले आहेत. अशा जागेत तुमच्याकडे पट्ट्याचा हक्क असतो, जमिनीची पूर्ण मालकी नसते. मृत्युपत्रात "पट्ट्याचे हक्क आणि त्यावरचे बांधकाम" असं लिहा. पट्ट्याची मुदत कधी संपते आणि भूभाटक (जमिनीचं वार्षिक भाडं) कुठवर भरलंय ते आजच तपासा. थकबाकी असली की वारसांचं नामांतरण तिथेच अडकतं.

*नझूल.* सरकारी पट्ट्याची जमीन. इथेही पट्टा, नूतनीकरण आणि अटी बघायच्या. अटीभंग झाला असेल तर तो तुमच्या हयातीतच निस्तरा. मुलांना त्यामागचा इतिहास माहीत नसतो.

*सोसायटीचा प्लॉट आणि गुंठेवारी.* मानेवाडा, हुडकेश्वर, नारा अशा भागांत गृहनिर्माण सोसायट्यांनी शेतीवर लेआउट पाडून प्लॉट विकले. "५७२ लेआउट" आणि "१९०० लेआउट" (नियमितीकरणासाठी घेतलेल्या अनधिकृत लेआउटचे गट) हे शब्द नागपूरकराला समजावून सांगावे लागत नाहीत. इथे तीन गोष्टी तपासा. हातात नोंदणीकृत विक्रीपत्र आहे की नुसतं करारपत्र आणि कब्जापत्र? २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमितीकरणाचं पत्र, म्हणजे आपण ज्याला "आरएल" म्हणतो ते, मिळालंय का? सातबाऱ्यावर अजून मूळ शेतकऱ्याचंच नाव आहे का? सोसायटीचे पदाधिकारी हयात असेपर्यंत विक्रीपत्र करून घेणं सोपं असतं. नंतर त्यांच्याही वारसांच्या सह्या शोधत फिरावं लागतं. करारपत्रावरचा प्लॉट मृत्युपत्राने देता येतो, पण मुलांना मिळतो तो करारातला हक्क. रजिस्ट्री करून घ्यायचं काम त्यांच्या मागे राहतंच.

*फ्लॅट.* नागपुरात बऱ्याच इमारतींमध्ये महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायदा, १९७० खाली "डीड ऑफ अपार्टमेंट" झालेलं असतं. त्यात जमिनीतला अविभक्त हिस्सा टक्क्यांत दिलेला असतो. तो टक्का आणि पार्किंगचा उल्लेख जसाच्या तसा उतरवा. सहकारी सोसायटी असेल तर भागपत्राचा क्रमांक लिहा.

*महाल-इतवारीतली जुनी घरं.* आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा. तिथे आजोबांचं नाव दिसलं तर थांबा. वडिलांच्या भावंडांचे हिस्से, आत्यांची हक्कसोड, हे आधी मिटवायला हवं. भावंडांनी मोबदला न घेता वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क जवळच्या नातेवाइकासाठी सोडला तर हक्कसोडपत्राला मुद्रांक शुल्क फक्त ५०० रुपये आहे. मात्र ते नोंदवावंच लागतं. शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी केलेली हक्कसोड स्थावर मालमत्तेला चालत नाही, आणि नेमकी तीच अनेकांच्या कपाटात असते.

*शेती.* काटोल-नरखेडची संत्र्याची बाग असो की उमरेडकडचं धानाचं शेत, ताजा सातबारा आणि आठ-अ काढा. भोगवटादार वर्ग २ लिहिलं असेल तर हस्तांतरणाला परवानगी लागू शकते. आदिवासी खातेदाराच्या जमिनीवर जास्त कडक बंधनं आहेत. तिथे तहसीलची माहिती असलेल्या वकिलाला विचारल्याशिवाय मृत्युपत्रात काहीही लिहू नका.

३. कायदा कोणता ते पक्कं करा

हिंदू वारसा कायदा १९५६ चा. तो बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. नागपुरात हा प्रश्न सारखा विचारला जातो म्हणून स्पष्ट लिहितो: धम्म स्वीकारल्यामुळे वारशाचा कायदा बदललेला नाही. अनुसूचित जमातींना मात्र तो सर्वसाधारणपणे लागू नाही, त्यांची रूढी बघितली जाते.

मृत्युपत्र नसेल तर हिंदू पुरुषाची संपत्ती पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांच्यात सारखी वाटली जाते. वडील पहिल्या वर्गात येत नाहीत. आई हयात असेल तर तिचा हिस्सा आहे, हे पुष्कळ सुनांना आणि मुलांना तेव्हाच कळतं. मुलींचा वडिलोपार्जित मालमत्तेतला जन्मसिद्ध हक्क ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने आला. त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला सांगितलं.

नोकरी करणाऱ्या विवाहित बाईने तर हा परिच्छेद दोनदा वाचावा. तिला मूल नसेल, नवराही नसेल आणि मृत्युपत्र केलेलं नसेल, तर तिच्या स्वकमाईवर पहिला हक्क नवऱ्याच्या वारसांचा येतो. तिचे स्वतःचे आईवडील त्यांच्या मागे. आईवडिलांना काही मिळावं असं वाटत असेल तर मृत्युपत्राला पर्याय नाही.

मुस्लिम कायद्यात अंत्यविधीचा खर्च आणि कर्ज वजा जाता एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्राने देता येतं, आणि वारसांपैकी एखाद्याला द्यायचं तर बाकीच्या वारसांची संमती लागते. ख्रिस्ती आणि पारशी वाचकांना भारतीय वारसा कायदा, १९२५ लागतो. त्यांच्यासाठी दोन धोके आहेत. लग्न झालं की आधीचं मृत्युपत्र रद्द होतं. आणि साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला काही दिलं असेल तर तेवढं देणं बाद ठरतं.

हिंदू व्यक्ती मृत्युपत्राने फक्त स्वतःची मालमत्ता आणि एकत्र कुटुंबातला स्वतःचा हिस्सा देऊ शकते. अख्खा वडिलोपार्जित वाडा एका मुलाला लिहून दिला तर मृत्युपत्र तुमच्या हिश्शापुरतंच चालेल.

४. नॉमिनी दुरुस्त करा

नॉमिनी म्हणजे पैसे हातात घेणारा. तो मालक होतोच असं नाही. शेअरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. विम्यात २०१५ पासून थोडं वेगळं आहे. आईवडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर ती रक्कम त्यांच्याच हक्काची होते. सहकारी गृहनिर्माण सोसायटीत नॉमिनी तात्पुरता सभासद होतो, घर मात्र वारसांचं.

१ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चार नॉमिनी ठेवता येतात, एकाच वेळी टक्केवारीने किंवा एकामागून एक. लॉकरला फक्त एकामागून एक. लग्नाआधी पीएफमध्ये आईवडिलांचं नाव दिलं असेल तर लग्नानंतर ते नामनिर्देशन चालत नाही. पोर्टलवर नव्याने ई-नॉमिनेशन करा.

मृत्युपत्रात एक आणि नॉमिनी दुसरा, असं ठेवू नका. कायद्यात उत्तर असतं, पण तोवर दोन भावंडं बोलेनाशी होतात.

५. मजकूर लिहा

साधा कागद चालतो, स्टॅम्प पेपर लागत नाही. मराठीत लिहा, तुम्ही घरी बोलता त्या भाषेत. क्रम असा ठेवा: नाव-वय-पत्ता आणि "उर्फ"; आधीची सगळी मृत्युपत्रं रद्द; कुटुंबातल्या सगळ्यांची नावं, ज्यांना काही द्यायचं नाही त्यांचीही; मालमत्तेचं वर्णन; कोणाला काय; अंमलबजावणी कोण करेल; तारीख आणि ठिकाण.

एखाद्या मुलाला वगळत असाल तर कारण एका वाक्यात द्या: "त्याच्या शिक्षणाला आणि घराला आधीच मदत केली आहे." नाव न घेता वगळलं की "बाबांना आठवलंच नसेल, त्यांची बुद्धी शाबूत नव्हती" असा मुद्दा समोरच्याला मिळतो.

सर्वाधिक घोळ जोडीदाराच्या कलमात होतो. "घर पत्नीला दिले. तिच्यानंतर ते धाकट्याला मिळावे." या दोन वाक्यांत पहिल्याने पूर्ण मालकी दिली आणि दुसऱ्याने काढून घेतली. यावर वर्षानुवर्षं खटले चालतात. आधी ठरवा. पूर्ण मालकी द्यायची असेल तर पहिलं वाक्य लिहून थांबा. नाहीतर स्पष्ट लिहा: "पत्नीला या घरात हयातभर राहण्याचा व भाडे घेण्याचा हक्क राहील, विकण्याचा किंवा गहाण ठेवण्याचा नाही; तिच्या पश्चात घराची मालकी अमुकची." आमचं मत विचाराल तर जोडीदाराला पूर्ण मालकीच द्यावी. उतारवयात घर विकून लहान फ्लॅट घ्यायची किंवा उपचारांसाठी पैसा उभा करायची मोकळीक तिला हवी असते, आणि ती मोकळीक असली की घरात तिचा शब्दही चालतो.

दोन वाक्यं शेवटी हमखास घाला. एक, ज्याला दिलं तो आधी गेला तर कोणाला. दुसरं, "वर न लिहिलेली आणि पुढे मिळणारी सर्व संपत्ती अमुकला." हे दुसरं वाक्य नसेल तर उद्या उघडलेल्या नव्या खात्याला मृत्युपत्र लागू पडत नाही.

अंमलबजावणी करणारा, म्हणजे एक्झिक्युटर, शक्यतो नागपुरातला नेमा. मुलगा परदेशात असेल तर तो प्रत्येक सहीसाठी येऊ शकत नाही.

६. साक्षीदार आणि सही: इथे घाई करू नका

दोन साक्षीदार लागतात. प्रत्येकाने तुम्हाला सही करताना पाहिलेलं असावं, किंवा ही सही माझी आहे असं तुम्ही त्याला सांगितलेलं असावं, आणि त्याने तुमच्यासमोर सही करायला हवी. दोघं एकाच वेळी हजर असणं कायद्याने बंधनकारक नाही, पण एकत्रच बसवा.

मृत्युपत्र कोर्टात गेलं तर किमान एका साक्षीदाराने येऊन सांगावं लागतं. पूर्वी हे पुरावा कायद्यात होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात आहे. म्हणून साक्षीदार तुमच्यापेक्षा वयाने दहा-पंधरा वर्षं लहान, शहरात स्थिर आणि वाटणीत काहीही न मिळणारे निवडा. सकाळच्या फिरण्यातले समवयस्क मित्र प्रेमाने येतात, पण पंधरा वर्षांनी कोर्टात कोण येईल याचा विचार करा. हिंदू मृत्युपत्रात लाभार्थी साक्षीदार झाला म्हणून मृत्युपत्र रद्द होत नाही, पण संशयाला जागा होते.

रजिस्ट्री कार्यालयाबाहेर दस्तलेखकाने आणून दिलेले अनोळखी साक्षीदार अजिबात नकोत. आणखी एक गैरसमज: दस्तलेखकाची किंवा नोंदणीवेळच्या ओळखदारांची सही म्हणजे मृत्युपत्राचे साक्षीदार असं सहसा धरलं जात नाही. साक्षीदारांची सही मृत्युपत्राच्या मजकुराखालीच हवी.

प्रत्येक पानावर सही करा, खाडाखोड झाली तर तिथेही. सत्तरी ओलांडली असेल किंवा मोठा आजार असेल तर त्याच दिवसाचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र घ्या: "रुग्ण शुद्धीवर आहे, समजून निर्णय घेऊ शकतो." अंगठा असेल तर "मजकूर वाचून दाखवला, समजला" हे वाक्य आणि वाचणाऱ्याची सही हवी. ज्या मुलाला सगळ्यात जास्त मिळणार आहे त्याने त्या दिवशी खोलीत थांबू नये. त्यानेच वकील आणला, त्यानेच गाडी काढली, हे पुढे त्याच्याच विरुद्ध वापरलं जातं.

७. नोंदणी

सक्तीची नाही. तरीही करा. मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणी फी नाममात्र आहे, वर पानांप्रमाणे हाताळणी शुल्क. फायदा असा की मूळ प्रत हरवली किंवा कोणी फाडली तरी सरकारी प्रत राहते.

सोबत न्यायचं: मृत्युपत्राची मूळ प्रत, तुमचं व दोन्ही साक्षीदारांचं आधार आणि पॅन, पासपोर्ट आकाराचे फोटो, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, आणि वर्णन पडताळायला विक्रीपत्र, आखीव पत्रिका किंवा सातबाऱ्याची झेरॉक्स.

आधी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर माहिती भरून क्रमांक घ्या, वेळ आरक्षित करा आणि नागपूर शहरातल्या सह दुय्यम निबंधक कार्यालयात जा. तिथे फोटो आणि अंगठ्याचा ठसा घेतात. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी अर्ज केल्यास अधिकारी घरी येतात. त्यासाठी डॉक्टरांचं पत्र जोडा.

नोंदलेलं मृत्युपत्र तुमच्या हयातीत इतरांना मिळत नाही. ते तीन नंबरच्या पुस्तकात जातं आणि त्याची नक्कल फक्त तुम्हालाच देतात. त्यामुळे मुलं चिडतील या भीतीने नोंदणी टाळू नका. बदलायचं झालं तर कितीही वेळा बदला, शेवटचं खरं धरलं जातं. नोंदणीकृत मृत्युपत्र नंतरच्या साध्या, नीट साक्षांकित मृत्युपत्रानेही रद्द होऊ शकतं.

मूळ प्रत लॉकरमध्ये एकट्याच्या नावावर ठेवू नका. लॉकर उघडायलाच कागद लागतात, आणि तो कागद आत अडकलेला असतो.

८. हयातीत घर नावावर करून देण्याआधी

राहतं घर किंवा शेती जोडीदार, मुलं, नातवंडं किंवा विधवा सुनेला बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क २०० रुपये, वर स्थानिक अधिभार आणि नोंदणी फी. स्वस्त आहे म्हणून लोक पटकन करतात. पण बक्षीसपत्र झालं की घर गेलं, ते मनात आलं म्हणून मागे घेता येत नाही.

द्यायचंच असेल तर दस्तात दोन गोष्टी लिहूनच द्या: तुम्हाला आणि जोडीदाराला हयातभर राहण्याचा हक्क, आणि घेणाऱ्याने तुमचा सांभाळ, जेवणखाण व औषधोपचार करायचा ही अट. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातलं २३ वं कलम याच अटीवर उभं आहे. सांभाळ झाला नाही तर उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे दस्त रद्द करून मागता येतो. अट लिहिलेली नसेल तर ती होती हे सिद्ध करण्यात वर्षं जातात.

९. आजारपणाची तरतूद

आममुखत्यारपत्र मृत्यूबरोबर संपतं. "बाबांनी मुखत्यारपत्र दिलंय" म्हणून तेराव्यानंतर केलेला व्यवहार टिकत नाही. रोजच्या खर्चाचं एक खाते "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला" या पद्धतीने संयुक्त ठेवा, म्हणजे दवाखान्यात पैशासाठी अडत नाही.

यंत्रांवर जगवायचं की नाही याबद्दल इच्छा लिहायची असेल तर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तशी मुभा दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही, निर्णय कोण घेईल त्यांची नावं. एक प्रत स्थानिक संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, एक घरच्यांकडे, एक नेहमीच्या डॉक्टरांकडे.

दोन विशेष गरजा. मतिमंदत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असलेलं मूल अठरा वर्षांचं झालं की आईवडीलही आपोआप पालक राहत नाहीत. नॅशनल ट्रस्ट कायद्याखालच्या जिल्हा स्थानिक समितीकडून पालकत्व घ्या आणि त्याच्या वाटणीची रक्कम थेट त्याच्या नावे न देता ट्रस्टमार्फत द्या. आणि व्यापार करणाऱ्यांनी, कर्ज डोक्यावर असणाऱ्यांनी, विमा घेताना विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली अर्ज भरावा. ती रक्कम पत्नी आणि मुलांची राहते, कर्ज देणाऱ्यांना तिच्यावर हात टाकता येत नाही. हे पॉलिसी घेतानाच करायचं, नंतर जमत नाही.

१०. माघारी घरच्यांनी करायची कामं, या क्रमाने

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत. दवाखान्यात मृत्यू झाला तर नोंद तिथून जाते, घरी झाला तर महानगरपालिकेच्या आपल्या झोन कार्यालयात. दाखल्यावरचं नाव आधारशी जुळतंय का ते खिडकीवरच बघा आणि दहा-बारा प्रती घ्या.

मग बँका. नॉमिनी किंवा संयुक्त खातेदार असेल तर कागद पूर्ण दिल्यावर १५ दिवसांत दावा निकाली निघायला हवा. दिवंगताच्या एटीएमने पैसे काढू नका, नंतर त्याचा हिशेब भावंडं मागतात. विसरलेली खाती रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर शोधता येतात.

नॉमिनी नसलेल्या मोठ्या रकमेच्या ठेवी आणि शेअरसाठी सहसा वारसा प्रमाणपत्र दिवाणी न्यायालयातून काढावं लागतं. कोर्ट वर्तमानपत्रात नोटीस काढतं, हरकत नसेल तर काही महिन्यांत होतं. मृत्युपत्राला प्रोबेट (ते खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) घेण्याची सक्ती नागपुरात नाही. वाद असेल तर मात्र जिल्हा न्यायालयातून घेतलेलं बरं.

शेतीची वारसनोंद तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) कळवा, अर्ज ऑनलाइनही होतो. नोटिशीनंतर १५ दिवस हरकतीसाठी असतात. शहरात आखीव पत्रिका, सुधार प्रन्यास आणि मालमत्ता कर ही तीन नामांतरणं वेगवेगळी आहेत. टॅक्स पावतीवर नाव चढलं म्हणजे सगळं झालं असं समजून बाकीची दोन राहून जातात. फेरफार म्हणजे मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, हेही लक्षात ठेवा.

वारसांत अज्ञान (अठरा वर्षांखालचं) मूल असेल तर त्याच्या स्वतंत्र हिश्शाची जमीन किंवा घर आई किंवा वडील न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकू शकत नाहीत. घेणारा घाई करत असेल तरी परवानगी आधी घ्या. तशी विक्री ते मूल सज्ञान झाल्यावर रद्द करून मागू शकतं.